झेरॉक्स काढा, पुस्तकं लावा

तेलंगणातल्या मुधोळकडच्या आमच्या मराठी शाळेत पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली हेडमास्तरांच्या करदोट्याला. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. चार्ज देताना एक जरी पुस्तक कमी निघालं तर पेन्शनचे कागद अडतील, ही त्यांची भीती. म्हणून पुस्तकं सुरक्षित होती. कुणी वाचलेली नव्हती.

मी तिथे मराठी शिकवायचो. एका दिवसाच्या बोलीवर दहा-बारा पुस्तकं मागून घेतली, नांदेडला जाऊन मुखपृष्ठांच्या रंगीत झेरॉक्स काढल्या आणि व्हरांड्यात चिकटवल्या. चित्रं बघून पोरं पुस्तकं मागतील असा हिशेब. पोरांनी मागितली. हेडमास्तर म्हणाले, "चित्र पाहा ना बापू. चित्र काय वाईट आहे?"

मग तपासणी आली. शिक्षणखात्याचे साहेब नुकतेच हैदराबादेत कॉपीराइटचं प्रशिक्षण घेऊन आले होते. तो शब्द त्यांच्या तोंडी नव्या चपलेसारखा करकरत होता.

"ये कवर के फोटो किससे पूछ के लगाए?"

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "काऊन लावले गुरुजी? मी नाही म्हणलं होतं ना तुमाले!" म्हटलं नव्हतं.

"कवर पे आर्टिस्ट का हक रहता," साहेब म्हणाले. "स्कूल है तो क्या हुआ? निकालो."

शिकवण्यासाठी कायद्यात थोडी मुभा असते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं आणि विचारलं, "साब, असली किताबां लगाए तो?"

"असली को कौन मना करता? वो तो स्कूल का माल है." आणि त्यांनी तपासणीच्या वहीत तसा शेराच मारला.

शेऱ्यापुढे करदोटा हरला. दुसऱ्या दिवशी पुस्तकं सुतळीवर वाळत घातल्यासारखी टांगली. खाली खुर्ची टाकून हेडमास्तर राखणीला. "हात नका लावू रे!" आठवडाभर हे चाललं. मग कंटाळून त्यांनी एक पुस्तक खाली काढलं. दुपारी मला हाक आली, "गुरुजी, याचा दुसरा भाग हाये काय?"

त्यानंतर पोरांना अडवायला त्यांना सवडच नव्हती.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज मीच घेतला. तीन पुस्तकं कमी भरली. त्यातलं एक मी त्यांच्या घरी, उशाशी पाहिलं होतं. 'सर्व बरोबर' असं लिहून मी सही केली.