मागितल्यावर पाणी

उस्मानाबादेतून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला, त्यानंतर थोड्याच काळात राज्य पातळीवरची मुलींची कबड्डी स्पर्धा आमच्या गावाला मिळाली. त्या वर्षी पाऊस नव्हता. नळ दिवसाआड येत होता आणि मग तोही येईनासा झाला. स्पर्धा रद्द करावी असं काहींचं मत होतं. आयोजन समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. ते म्हणाले, "स्पर्धा होईल. पण गावाच्या तोंडचं पाणी तोडून नाही."

त्यांनी तीन नियम केले. खेळाडू लॉजवर न उतरता घरोघरी राहतील आणि पळसाच्या पत्रावळीवर जेवतील, म्हणजे ताटं घासायला नकोत. आंघोळीचं पाणी घमेल्यात धरायचं. ते ड्रममध्ये भरून बैलगाडीनं मैदानावर न्यायचं आणि सकाळी मातीवर शिंपडायचं. तिसरा नियम पिण्याच्या पाण्याचा. आपल्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो, तो दोन घोट घेतो आणि उरलेलं अंगणात फेकलं जातं. म्हणून, विचारायचं नाही. मागितलं तर द्यायचं.

नियम चांगले होते. मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकाला लातूरच्या बातम्या पाठवत असे. मैदानाच्या मातीला साबणाचा वास येतो, हे मी कौतुकानं लिहिलं होतं.

आमच्याकडे कोकणातल्या दोन मुली उतरल्या. एक चढाईत पटाईत, दुसरी पकड करणारी. स्पर्धेनंतर राज्याचा संघ निवडला जाणार होता आणि चढाईवालीचं नाव त्यात येणार, असं सगळे धरून चालले होते. रेल्वेत नोकरी लागायची तिची आशा त्या संघावर होती. हे तिनं पहिल्याच संध्याकाळी वहिनीला सांगितलं.

वहिनीला तिसरा नियम जड गेला. मुली आल्या तेव्हा तिनं सवयीनं तांब्या उचलला आणि परत ठेवला.

"पाहुण्याला पानी न विचारता बसवायचं म्हंजी कसंतरीच वाटायलंय," ती दादाला म्हणाली.

"मागतील की. त्यांना काय तोंड न्हाई?"

मुली मागत नव्हत्या. जेवताना पानाशेजारी एक फुलपात्र असे, तेवढंच त्या पीत. कमी पाण्यात भागवणाऱ्या गुणी पोरी, असं आम्ही आपसांत बोललो. मीही बोललो.

उपांत्य सामना दुपारी होता. वहिनी बायकांच्या बाजूला बसली होती. चढाईवालीनं एक गडी टिपला आणि परत फिरताना ती मधल्या रेषेला पोचायच्या आधीच कोसळली. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. रेषेकडे हात लांबवून ती मातीत वळवळत होती.

मागून कोणीतरी ओरडलं, "आरं, कोकणची मासळी तडफडायली की!" पुष्कळ लोक हसले.

तिला उचलून मंडपात आणलं. डॉक्टरांनी ओठ पाहिले, हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली आणि विचारलं, "सकाळपासून किती पाणी प्यायलीस?" वहिनी गर्दीतून पुढं आली.

"मागायचं न्हाई का गं बाई? जीव जाईस्तोवर गप ऱ्हायचं?"

"आमच्या सरांनी सांगितलेलं, काकू," मुलगी म्हणाली. "तिकडे दुष्काळ आहे, मागू नका. देतील तेवढंच प्या."

वहिनी तिथंच खाली बसली. डॉक्टर मीठ-साखरेचं पाणी कालवत होते. अध्यक्षही आले होते. "नियमात मागायला बंदी नव्हती," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी वहिनीनं न विचारता तांब्या मुलीच्या पुढ्यात ठेवला. मुलीनं कोपऱ्यातल्या रांजणाकडे पाहिलं. त्याचा तळ दिसत होता. "अर्धाच पुरे, काकू," ती म्हणाली.

"समदं पी. मी हितंच बसून राहते."

दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यानंतर कर्ण्यावरून संघाची नावं वाचली. पकड करणारीचं नाव आलं. चढाईवालीचं आलं नाही. मैत्रिणीला हसावं की रडावं कळेना. शेवटी चढाईवालीनंच तिला मिठी मारली. आम्ही कोणी एकमेकांकडे पाहत नव्हतो.

निघताना दोघी पाया पडल्या. वहिनीनं चढाईवालीला मधेच धरलं. "पाया पडू नको गं. दोन शिव्या दे त्यापरीस."

मग ती आत गेली. दादाची शेतात न्यायची पाण्याची पिशवी तिनं रांजणात उरलेल्या पाण्यानं काठोकाठ भरून आणली आणि मुलीच्या खांद्याला अडकवली. टँकर परवा येणार होता. मुलीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि या वेळी नको म्हटलं नाही. एसटी सुटायच्या आधी खिडकीशी बसून ती पीत होती. वहिनी खाली उभी राहून पाहत होती.