राखेनं घासलेलं ऊन

चतुराबाईला गच्ची मिळाली तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. त्याआधीची पस्तीस वर्षं ती हर्सूलहून सिडकोत चालत येऊन लोकांची भांडी घासत होती. तिच्या हाताचं नाव होतं. कुणाकडं गौरी असल्या, सत्यनारायण असला, की घरातलं सगळं तांबं-पितळ तिच्यापुढं येऊन पडायचं. काळं भांडं दिसलं की तिला राग यायचा, माणसाचा येतो तसा. तोंड दिसेपर्यंत ती घासायची.

मैत्रेय सोसायटीनं गच्चीवर सोलर बसवलं. अठ्ठेचाळीस पॅनेल, तीन रांगा. लिफ्ट, बोअरची मोटार आणि जिन्यातले दिवे त्यावर चालायचे होते. आठवड्यातून दोनदा धुवायला माणूस हवा होता. सेक्रेटरी केशवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चतुराबाईला विचारलं. एवढ्या एका कामावर तिची चारही घरं सुटणार होती. तिनं ती सोडली. काही महिन्यांत बोटांच्या पेरांतल्या भेगा भरून आल्या.

केशवरावांच्या पत्नी कालिंदीवहिनी, चार घरांपैकी एक त्यांचं. त्या म्हणाल्या, "आता काय बाई, तुम्ही वरच्या झालात."

"व्हय वहिनी. तुमची ताटं सोडली, आता सूर्याची घेतली. अठ्ठेचाळीस हायेत. पर खरकटं नाय, एवढं बरं."

पॅनेल बसवणाऱ्या कंपनीची प्रेरणा नावाची तरुण इंजिनिअर शिकवायला आली होती. मऊ पोछा, साधं पाणी, ऊन चढायच्या आत. "आणि मावशी, जोर नाही लावायचा."

"जोर न लावता काय निघतंय गं?"

"निघतं."

"तू कधी करपलेली कढई घासली का?"

"आमच्याकडं आईच घासते."

"मग तुला काय ठावं!"

दोघी हसल्या. शिकवणं तिथंच संपलं.

गच्चीवर तिला कुणी हाक मारत नसे. सकाळी काचा गार असायच्या. एक रांग पुसून झाली की ती टाकीच्या सावलीत बसायची आणि उरलेल्या दोन रांगांकडं बघायची. इतकी वर्षं घासलेल्या भांड्यांपैकी एकही तिचं नव्हतं. ही ताटंही तिची नव्हती, पण ती कुणी आत उचलून नेत नव्हतं.

मार्चमध्ये नळाचं पाणी आठव्या दिवसावर गेलं. सोसायटीत टँकर येऊ लागला. केशवराव जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "दोन बादल्या, चतुराबाई. त्याच्यावर नको. लोक बोलतात, प्यायला पाणी नाही आणि वर काचांना आंघोळ."

शेजारच्या प्लॉटवर इमारत उठत होती. सिमेंटची धूळ दिवसभर उडायची, कबुतरांची घाण त्यात मिसळायची आणि उन्हात सगळ्याची खरपुडी व्हायची. दोन बादल्यांत पोछा ती घाण नुसती पसरवत होता. केशवराव रोज सकाळी फोनवर वीज किती झाली ते पाहत.

"आजही कमीच. वर जाता ना चतुराबाई, की जिन्यातच डुलकी काढता?"

ते चेष्टेनं म्हणाले. चतुराबाई त्या दिवशी जेवली नाही.

कमी पाण्यात घाण काढायची विद्या तिच्याकडं होती. आंघोळीचं पाणी ती अजून चुलीवर तापवायची. गोवऱ्यांची राख तिनं चाळून घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि वर गेली. तीन दिवस घासत होती. चौथ्या दिवशी काचा अशा झळकल्या की शेजारच्या इमारतीवरचा गवंडी डोळ्यांवर हात धरून ओरडला, "ओ मावशी, आंधळं करता का?" तिला फार बरं वाटलं.

वीज वाढली. केशवरावांनी वर येऊन तिचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "दोन बादल्यांत अठ्ठेचाळीस. याला म्हणतात काम." फोटोत तिच्या उजव्या हातातली शेंडी स्पष्ट दिसत होती, पायाशी राखेचं घमेलंही. सोसायटीत दोन इंजिनिअर राहत होते. त्यांनीही खाली शाबासकीचे अंगठे टाकले. तिच्या हातात राख-शेंडी असणारच, असं प्रत्येकाला वाटलं असावं.

मग ती दर आठवड्याला घासू लागली.

वीज पुन्हा उतरत गेली, हळूहळू. ढगांमुळं असेल, असं म्हणता म्हणता पावसाळा गेला. दसऱ्यानंतर आकाश निवळलं तरी लिफ्ट दुपारनंतर महावितरणच्या विजेवर जाऊ लागली. केशवरावांनी वर जाऊन काचेवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं, आणि त्यांची नजर राखेच्या घमेल्याकडं गेली. संध्याकाळी त्यांनी चतुराबाईला बोलावलं.

"उद्या ती कंपनीची मुलगी येतेय. काचच हलकी निघाली, असं आपण सांगणार आहोत. हमीत आहे, बदलून मिळेल. तुम्हाला विचारलं तर एवढंच म्हणायचं, पाणी मारते आणि पुसते."

"काच कशानं खराब झाली, साहेब?"

"ते राहू द्या. हे एक वाक्य नीट बोललात तर तुमचं काम राहील. नाही तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. कळलं का?"

काम राहावं एवढं तिला कळलं. बाकीचं कळलं नाही. सगळ्या सिडकोत इतकी लख्ख काच कुठल्या गच्चीवर होती?

प्रेरणा आली. पहिल्या रांगेपाशी उभी राहिली. "मावशी, काय करता तुम्ही यांना?"

"पाणी मारते. पुसते." केशवराव टाकीकडं बघत होते.

प्रेरणानं टिपून घेतलं. मग उन्हाकडं पाठ करून तिनं डोळे बारीक केले. "पांढरट दिसतंय. मळ साचून राहिल्यासारखं. नेमानं धुतलं जात नव्हतं का?"

राखेपेक्षा मळ परवडला, अशा घाईनं केशवराव म्हणाले, "असेल. कधी कधी राहून जात असेल."

"मळ?" चतुराबाई म्हणाली. "माझ्या ताटावर मळ?"

"चतुराबाई, तुम्ही थांबा जरा."

"नाय साहेब, थांबते कशाला. पस्तीस वर्षांत मला असं कुणी बोललं नाय. पोरी, नुसत्या पाण्यानं का उजळतंय हे? दर आठवड्याला राखेनं घासलंय मी. चाळलेल्या राखेनं, शेंडी लावून, एकेक. हात फिरवून बघ, मळ सापडला तर सांग."

प्रेरणानं हात फिरवला. मग गुडघ्यांवर बसून गाल काचेजवळ नेला. काचेवर बारीक गोल गोल रेघा होत्या, एकीत एक अडकलेल्या, चारी कोपऱ्यांपर्यंत.

"मावशी," ती हळू म्हणाली, "ही काच चमकायला नसते. हिच्यावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर असतो, तो ऊन आत घेतो. तो गेला. आता ती ऊन परत फेकतेय."

"परत लावता येत नाय का? कल्हईसारखा?"

"नाही."

"सगळ्यांचाच गेला?"

प्रेरणा तिन्ही रांगांमधून चालत गेली आणि परत आली. "सगळ्यांचाच, मावशी."

इतका नेमका, इतका सारखा नाश निष्काळजी माणसाच्या हातून झाला नसता. त्यानं कुठंतरी एक कोपरा सोडला असता.

हमी नाकारल्याचं पत्र आलं. चतुराबाईला कुणी रागावलं नाही. मिटिंगमध्ये आपोआप पाणी फवारणारे पाइप ठरले, आणि केशवराव तिला म्हणाले, "खूप केलंत. आता आराम करा." मग न राहवून म्हणाले, "एक वाक्य होतं हो." गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

जुन्या चार घरांत आता दुसऱ्या बायका होत्या. कालिंदीवहिनींनी दिवाळीपुरतं देवाचं तांबं-पितळ घासायला बोलावलं. "तेवढं तुमच्याच हातचं हवं," त्या म्हणाल्या. जमलं तर पुढंही बघू, असंही म्हणाल्या.

चतुराबाई मागच्या गॅलरीत बसली. तांब्या मांडीशी घेतला, राख घेतली. हात ठेवला आणि तो पुढं दाबेना. वरून नुसता फिरत राहिला. या काळ्याच्या खालीही काही असलं तर? डोळ्यांना न दिसणारं?

तासाभरानं वहिनी आल्या. "अहो, हे काळंच आहे की. जोर नाही का उरला?"

"जोर हाय, वहिनी."

"मग?"

चतुराबाईनं तांब्यावरून पुन्हा नुसती बोटं फिरवली. वहिनींनी तांब्या उचलून आत नेला. स्वयंपाकघरातून घासण्याचा आवाज येऊ लागला, भरभर, दाबून. चतुराबाई राखेचे हात मांडीवर उपडे ठेवून तो ऐकत बसली.