सबवूफरची पातळी आणि माझा कान

गेल्या हिवाळ्यात आमच्या नातलगांमध्ये एक हकीकत फिरली: म्हाताऱ्याचे कान गेले, यंत्राने नीट बसवलेला आवाज तो रोज बिघडवतो आणि वर भांडतो. ती हकीकत खोटी आहे. तीस वर्षे मी झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचा ध्वनी सांभाळला आहे. तिरोड्यापासून सालेकशापर्यंत, उघड्या मैदानात बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत नटाचा शब्द मी पोचवला. माझ्या कानाविषयी मत देणाऱ्यांनी आधी घडले ते ऐकून घ्यावे.

मुलाने होम थिएटर आणले ते धान निघाल्यावर. खरेदी केंद्रावर आमचा नंबर लागलेला नव्हता, म्हणून पोती बैठकीच्या दोन भिंतींना छतापर्यंत रचलेली होती. त्याने इवलासा मायक्रोफोन सोफ्यावर ठेवला. यंत्राने एकेका स्पीकरमधून चाचणीचा आवाज काढला आणि पातळ्या आपणच ठरवल्या. सबवूफर, म्हणजे निव्वळ खर्ज वाजवणारी ती काळी पेटी, अधिक चारवर गेली. पोती हलल्याशिवाय हे मोजमाप करू नये, असे मी तेव्हाच बजावले होते. मुलगा म्हणतो, बजावले नव्हते. बजावले होते.

पुढे पोती गेली आणि त्याच दिवसापासून खोली घुमू लागली. तावदाने थरथरत, संवाद खर्जाखाली दबून जात. मी पातळी उतरवायचो, मुलगा पुन्हा चढवायचा.

"बाबा, मशीननं मोजून ठेवलं आहे जी. कायले हात लावता?"

"मशीननं धानाची पोती मोजली, खोली नाही."

"पोते का गाने आयकते?"

"आयकत नाही, गिळते! सारा ढम्म गिळून घेते. आता गिळाले कोनी नाही."

"त्यापेक्षा कान दाखवून या न एकदा," स्वयंपाकघरातून माझी पत्नी म्हणाली. "भांडनं तरी मिटन."

शेवटी रिकाम्या खोलीत पुन्हा मोजमाप करायचे ठरले. मी हरलो तर कानाच्या डॉक्टरकडे जाईन, असा शब्द दिला. एका रविवारी दुपारी पंखा बंद केला, दारे लावली. मोजमाप चालू असता कोणी बोलायचे नसते, म्हणून आम्ही तिघे भिंतीशी गप्प उभे राहिलो.

चाचणीचा आवाज खालच्या घरघरीपासून चढत जातो. पहिल्या स्पीकरमधून तो चढला आणि संपला. मी शेजारी पाहिले, तर पत्नीने कानात बोट घातलेले, तोंड वेडेवाकडे केलेले. मुलगाही डोळे मिटून दात आवळून उभा. खोली तर शांत होती. क्षणभराने दोघांचे चेहरे सैल पडले. दुसऱ्या स्पीकरला तेच झाले. तिसऱ्यालाही.

"काय बारीक शिटी जी ते," सगळे आटोपल्यावर पत्नी म्हणाली. "कानात सुई घातल्यावानी."

"आवाज मधातच तुटून राहिला होता," मी म्हणालो. "मशीनमंधी खोट आहे."

पत्नीने मुलाकडे पाहिले.

पडद्यावर आकडे उमटले. सबवूफर अधिक चारवरून उणे तीनवर आला होता. पोत्यांविषयी मी म्हणालो होतो ते अक्षरशः खरे ठरले. कोणाला शंका असल्यास आकडा अजून यंत्रात आहे.

"बाबा, तुमचंच बरोबर होतं," मुलगा म्हणाला. त्याने रिमोट माझ्यापुढे धरला. "आता तुमाले जसा पायजे तसा ठेवा."

चाळीस वर्षांत या मुलाने माझे एकही म्हणणे वाद घातल्याशिवाय मान्य केलेले नाही. मला संताप आला.

"काऊन? मशीन सांगते तोच राहू दे."

त्याने मान हलवली. मग मला न विचारता खर्ज आणखी दोनने उतरवला, मधला संवादाचा स्पीकर थोडा वाढवला आणि बातम्या लावल्या. निवेदिकेचा शब्द न् शब्द कळत होता. मी त्याला तसे सांगितलेले नाही.