तेलकट दगड

पिरनवाडीत मी ज्या खानावळीत जेवतो, तिथल्या आक्का फारसं बोलत नाहीत. "बसा", "वाढू?" आणि "पुरे?" एवढ्यावर त्यांचं भागतं. दुपारी गिऱ्हाईक सरलं की त्या सुरीला धार लावायचा दगड ब्रशनं घासतात, नुसत्या पाण्यानं धुतात आणि सावलीत उभा करून ठेवतात. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

एका संध्याकाळी त्यांच्या लेकानं त्यावर गोडेतेल ओतून कोयता घासला आणि दगड तसाच ओट्यावर टाकला. सकाळी सून सुरीला धार लावायला गेली. दगड सटकला आणि तिचा तळहात चिरला. मी जेवायला पोचलो तेव्हा ती दवाखान्यातून पट्टी बांधून नुकतीच आली होती.

"बघून धरायला काय झालतं हिला?" लेक म्हणाला.

आक्कांनी तव्याखालचा गॅस बंद केला. साबण आणि ब्रश त्याच्यापुढं आदळला, दगड मात्र हळू ठेवला. "घास."

"गिऱ्हाईक बसलंय की, आई."

"बसू दे. तेल जाईस्तोवर कुणाला भाकरी न्हाय."

तो सगळ्यांसमोर घासत बसला. आक्का दगडावर बोट फिरवायच्या आणि परत त्याच्याकडं सरकवायच्या. भुकेनं माझंही डोकं तापलं होतं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून कुणीच उठलं नाही.

दगड स्वच्छ झाल्यावर त्यांनी पहिलं ताट सुनेपुढं ठेवलं आणि आमटीत भाकरी स्वतः कुस्करून दिली. मग लेकाकडं न बघताच म्हणाल्या, "आता कांदा चिर. हिचा हात बरा होईस्तोवर तूच चिरायचं."