वसतिगृह परिसर

वर्ध्याच्या ज्या ऑफिसात मी वेबसाइटींचा मजकूर लिहिते, तिथं माझी ओळख एकच. हिचं लिहिलेलं कुणालाही कळतं. हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही. नाचणगावला आई मेथीच्या जुड्या बांधत बसली की मी तिला माझा मजकूर वाचून दाखवायची. "हे काय म्हणून राह्यली तू?" असं ती म्हणाली की ते वाक्य मोडायचं आणि पुन्हा लिहायचं.

शहराबाहेरच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजच्या वेबसाइटचं काम आलं, तेव्हा मी आधी कॉलेज पाहून आले. वर्ग बरे होते. वसतिगृह म्हणून दाखवलं ते नुसते पिल्लर होते, वर गंजलेल्या सळया. मी 'राहण्याची सोय' या मथळ्याखाली लिहिलं, "वसतिगृहाचं बांधकाम सुरू आहे. ते पूर्ण होईपर्यंत मुलींनी आपली सोय स्वतः करायची आहे."

वेबसाइट सुरू झाल्यावर पाहिलं, तर तेवढी दोन वाक्यं गायब. त्यांच्या जागी, "मुलींसाठी सुरक्षित वसतिगृह परिसर." बाकी पान शब्दन् शब्द माझंच.

मी आमच्या ऑफिसच्या सरांकडे गेले. "सर, तिथं वसतिगृह नाही."

"माहीत आहे. कॉलेजवाल्याहिले तुझं सगळं आवडलं. फक्त ते तेवढं जास्तच समजत होतं."

"मग तो मथळा तरी काढा."

"पाहतो बोलून," सर म्हणाले आणि फोन उचलला. मथळा तसाच राहिला. मी आणखी दोनदा आठवण करून दिली, मग पुढचं काम आलं.

त्या पावसाळ्यात दुपारी मला फोन आला. गिरडच्या मावशीची मुलगी. मी ज्या कॉलेजचं लिहिलं, तिथंच तिनं प्रवेश घेतला होता आणि गादी, बादली, पेटी घेऊन ती गेटवर उभी होती.

"ताई, होस्टेल कुठून जा लागते? वॉचमन हसून राह्यला."

मी स्कूटीवर पोचले तेव्हा ती गादीवर बसली होती. "मले विचारलं काऊन नाई?" मी म्हटलं.

"तुले काय विचाराचं? तूच तर लिवलं होतं. नाचणगावच्या मावशीनं सांगितलं आमच्या आईले. मी बाबाले पूर्ण वाचून दाखवलं. एका जागीही अडलं नाई."

माझ्या लिखाणाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी ऑफिसात गेले. सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मोबाइलवर ते पान उघडून समजावून सांगितलं, "बेटा, नीट वाच. वसतिगृह कुठं लिहिलं आहे? वसतिगृह परिसर लिहिलं आहे. परिसर तर आहे न?"

"पिल्लर आहेत, सर," ती म्हणाली. मग तिनं चहा संपवला, कारण काही वाया जाऊ न द्यायची तिला सवय होती.

माझ्या खोलीची मालकीण दुसऱ्या माणसाला ठेवू देईना. म्हणून मावशीची मुलगी नाचणगावला माझ्या आईजवळ राहिली. रोज जवळच्या पुलगावहून वर्ध्यापर्यंत रेल्वे, मग ऑटो. दवाखान्यातली ड्युटी सकाळची असायची, आणि गाडी उशिरा आली की मॅडम तिला दारातच उभी ठेवायच्या. दिवाळीला घरी गेली, ती परत आली नाही. आता समुद्रपूरला बी.ए. करते. कागदपत्रं काढायला कॉलेजात मीच गेले. तिथल्या बाईंनी मला ओळखलं, वेबसाइट फार छान झाली म्हणाल्या.

सर नव्या ग्राहकांना अजून तेच पान दाखवतात. "पाहा, किती सोपं," म्हणतात. मी समोर बसलेली असते. नोकरी सोडायची भाषा मी घरी बऱ्याचदा केली. सोडली नाही. वर्ध्यात मराठी लिहिण्याचे पैसे देणारं दुसरं कोण आहे?

मागच्या उन्हाळ्यात गिरडला लग्न होतं. मावशीनं मला पंगतीत आग्रहानं वाढलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "ही पोरगी काय करते?"

"वर्ध्याले असते," मावशी म्हणाली. "कॉम्प्युटरवर काहीबाही लिवते." आणि वरणाची बादली घेऊन पुढे गेली.