आमचा डबा हिरवा

माझ्या सुनेनं मला न विचारता माझा रांगोळीचा डबा नेला, तिथून हे सुरू झालं.

आम्ही बदलापूरला राहतो, सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीनं सत्तरच्या दशकावर एक संध्याकाळ ठेवली होती. त्या काळचे कपडे घालून यायचं, जुन्या वस्तू टेबलावर मांडायच्या आणि भिंतीवर जुन्या टीव्हीवरच्या जाहिराती बघायच्या. सुनेला घरात जुनं काही सापडेना. सापडणार कसं, जुनं होतं ते सगळं तिनंच भंगारात दिलंय. मग दाराशी ठेवलेला माझा डबा तिच्या नजरेला पडला. पत्र्याचा, हिरवा, कमरेत बारीक, वर जाळीचं तोंड. मूळचा पावडरचा. त्यावरच्या कागदातली बाई आता हनुवटीपासून खालीच उरलीय, आणि जिथं माझा अंगठा लागतो तिथला रंग गेलाय. रांगोळी भुरभुरायला तसा डबा आता मिळत नाही. प्लास्टिकचे मिळतात, त्यांची भोकं एका पावसाळ्यात बुजतात.

खाली हॉलमध्ये गेले तेव्हा डबा टेबलावर होता. पांढऱ्या चादरीवर रेडिओ, तबकड्या, पितळी स्टोव्ह, आणि मधे माझा डबा. बायकांनी मला पुढच्या खुर्चीत बसवलं. "आजी, तुमचा काळ!" म्हणाल्या. जसं काही तो काळ मी घरून डब्यात भरून आणला होता.

सेक्रेटरी सगळं नीट लावत फिरत होते. बँकेतून रिटायर झालेला माणूस. त्या दिवशी खाली घेरदार पँट, वर मोठ्या कॉलरचा काळा शर्ट. त्यांनी डबा उचलला, फिरवून पाहिला आणि सुनेला म्हणाले, "वहिनी, हा इथून काढा हं."

"का हो? जुनाच आहे."

"जुना आहे, पण नकली आहे. ओरिजिनल लाल होता. आमच्या घरी होता ना. कोणी फोटो काढून ग्रुपवर टाकला तर आपलं हसं होईल."

सुनेचं तोंड उतरलं. तिनं डबा पर्समध्ये कोंबला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, आधी सांगायचं ना, नकली आहे म्हणून."

"तू नेताना विचारलंस?"

"बरं, आता गप्प बसा. लोक बघतायत."

पण मला तो डबा परत टेबलावर हवा होता. त्या टेबलावरच्या बाकी वस्तू लोकांनी विकत घेतलेल्या होत्या. हा एकच मी केलेला होता.

मी चौथी शिकले. लग्न होऊन मोरिवलीत आले. नवरा तिथल्याच कारखान्यात होता आणि मी चालत उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये कामाला जायची. आमचे शेठ सिंधी. एक शेड, त्यात आम्ही आठ बायका. पावडर, तोंडाला लावायचा स्नो, केसांचं तेल. डबे बाहेरून यायचे, ते रंगवायचे, चिठ्ठी खळीनं चिकटवायची, भरायचे, तोंड दाबून बसवायचं. बाजारात जे चालेल तसं दिसणारं आम्ही करायचो. नाव आमचं वेगळं, रूप मोठ्या कंपन्यांचं. नक्कल होती. मी कधी नाही म्हटलेलं नाही. पावडर मात्र चांगली होती. मी स्वतः चाळायची.

मग शेठनी शेडमध्ये टीव्ही आणला. लाकडी कपाटातला, दारं सरकवायची. आजूबाजूच्यांना वाटलं, शेठला कामगारांचा पुळका आला. शेठला पुळका जाहिरातींचा होता. रविवारी संध्याकाळी सिनेमा असायचा आणि त्याच्या आधी जाहिराती. आम्ही पोराबाळांना घेऊन जायचो. एक बाई पत्र्यावर चढून अँटेना फिरवायची, आम्ही खालून ओरडायचो, "आलं, आलं, गेलं, मागं घे!" जाहिरात लागली की सगळ्या चिडीचूप. पोरानं चूं केलं तरी पाठीत धपाटा. डब्याचा आकार कसा, झाकण कसं, चिठ्ठी किती रुंद, एकेकीनं एकेक गोष्ट लक्षात ठेवायची. सिनेमा सुरू झाला की आम्ही बोलायला मोकळ्या. साऱ्या गावानं सिनेमा बघितला आणि जाहिरातीत गप्पा मारल्या. आम्ही उलटं केलं.

एका रविवारी ही पावडर आली. माल अजून दुकानात यायचा होता. जाहिरात आधी आली. एक गोरी बाई कुंडीतल्या मोठ्या पानाच्या झाडापाशी उभी, हातात कमरेत बारीक डबा. गळ्यावर एवढी पावडर उडवली की आमच्यातली एक म्हणाली, "हिला नटायचंय का पिठात घोळून तळायचंय?"

शेठना घाई झाली. खऱ्या मालाच्या आधी आपला माल खेड्यापाड्यांत पोचला पाहिजे. आकार कळला, चिठ्ठी कळली. "अरे, लेकिन कलर बोलो, कलर! कलर क्या है?"

टीव्ही काळापांढरा.

कोणी निळा म्हणाली, कोणी जांभळा. मी म्हणाले, हिरवा. शेठ म्हणाले, "तुमको कैसे मालूम?" मी म्हणाले, डबा आणि मागचं पान नीट बघा. दोन्ही एकाच रंगाचे दिसतात. पान हिरवं असतं ते सांगायला शाळा लागत नाही. पुढच्या रविवारी शेठनी स्वतः काचेला नाक लावून बघितलं आणि सोमवारी हिरव्या रंगाची पिंपं आली.

हजारभर डबे हिरवे झाले, गेले. मग खरा माल दुकानात आला. लालभडक.

त्या सकाळी शेडमध्ये कोणी माझ्याकडे बघेना. काळ्यापांढऱ्या टीव्हीत लाल आणि हिरवा एकसारखे दिसतात हे आम्हाला कोण सांगणार होतं? शेठ खरा लाल डबा हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "बाई, पत्ता भी लाल होगा क्या?" आणि मग जे हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी हसले नाही. मला काढतील असं वाटत होतं. काढलं नाही.

कारण हिरवा संपला. दुकानदार परत हिरवाच मागायला लागले. माझी नणंद चामटोलीला दिलेली. दिवाळीला मी मुद्दाम तिच्यासाठी बाजारातून खरा लाल डबा घेऊन गेले. तिनं हातात घेतला, मागंपुढं बघितला आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"वहिनी, रागवू नका. पण तुम्हाला दुकानदारानं गंडवलं."

"का गं?"

"ही लाल नकली हाय. खरी हिरवी असतेय. आमच्या गावात सगळ्यांना ठावं हाय."

मी म्हणाले, "असेल बाई." दुसरं काय म्हणणार? तिच्या घरातला रिकामा हिरवा डबा मी मागून आणला. तोच हा.

तर मी खुर्चीत बसून होते. भिंतीवर जाहिराती लागल्या. लोक टाळ्या वाजवत होते, सूर धरत होते. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "काय सोन्याचा काळ होता नाही?" मी म्हणाले, "पत्र्याचा होता. मी रंगवलाय." तिला ऐकू आलं नसावं.

आणि तीच जाहिरात लागली. तीच बाई, तीच कुंडी, तशीच काळीपांढरी. मी सुनेच्या मांडीवरची पर्स उघडली, डबा काढला आणि उठून उभी राहिले.

"जरा थांबवा ते."

सेक्रेटरी म्हणाले, "आजी, काही त्रास होतोय का?"

"मला नाही. तुम्हाला होणार आहे. थांबवा."

कुणीतरी थांबवलं. बाई डबा धरून भिंतीवर अडकली. मी म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, तिच्या हातातल्या डब्याचा रंग सांगा."

"लाल."

"कुठं दिसतोय?"

"दिसत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे, आजी."

"ते तुम्हाला दुकानात बघून माहीत झालं. मला माल दुकानात यायच्या आधी सांगायचं होतं. आता मागचं पान बघा. डबा आणि पान वेगळे दिसतायत का? कुणालाही?"

हॉलमधले सगळे भिंतीकडे बघायला लागले. मागून एक मुलगी म्हणाली, "अय्या, सेम आहे!"

मग मी सगळं सांगितलं. शेड, अँटेना, पिंप, लाल डबा. नणंदेचं बोलणं सांगितलं तेव्हा लोक हसले. माझ्यावर हसले असते तरी चाललं असतं. सून खाली मान घालून बसली होती, नंतर ती पण हसली.

मी टेबलापाशी गेले आणि डबा चादरीवर मधोमध ठेवला. पर्समध्ये जाळीचं तोंड सैल झालं होतं, ते निघालं आणि रांगोळी सांडली. सेक्रेटरी झटकायला धावले आणि त्यांचा काळा शर्ट पोटावर पांढरा झाला.

प्रत्येक वस्तूपुढे पुठ्ठ्याची चिठ्ठी होती. मी एक कोरी मागून घेतली. सेक्रेटरी शर्ट झाडत म्हणाले, "आजी, ठेवा हवं तर. पण निदान नक्कल आहे एवढं तरी लिहा."

"लिहिते की. लाज कसली?"

माझं अक्षर मोठं आहे, चौथीतलं. लिहिलं: "नक्कल. उल्हासनगर, कॅम्प नंबर चार. रंग मी सांगितला."

लोकांनी फोटो काढले. सेक्रेटरींनी सुद्धा एक काढला. कार्यक्रम संपल्यावर सून म्हणाली, "आई, राहू दे ना डबा आठवडाभर. सगळे बघतायत."

मी सांडलेली रांगोळी चादरीवरून ओंजळीत गोळा केली, डब्यात भरली, तोंड दाबून बसवलं आणि डबा घेऊन जिना चढले. सकाळी दारात काय काढू मग?