एका वेळी एकच काम होईल

मेश्रामांच्या प्राजक्ताचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होते. "मावशी, बाबा गेले. चहा मागितला, आणि तो येईपर्यंत..." मी रांगेतून बाहेर आले आणि कुठे जायचं ते न सुचून परत रांगेतच उभी राहिले.

मेश्राम मूळचे नागपूरचे. कोथरूडमधल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ते आले, तेव्हा लग्न नुकतंच झालं होतं आणि नोकरी अजून कायम व्हायची होती. पहिलंच काम आलं ते मांजरी गावाच्या पुढच्या एका साखर कारखान्याचं. उसाच्या वजनाचा आमचा युनिक्स प्रणालीवरचा प्रोग्रॅम त्यांच्या डॉस प्रणालीच्या संगणकावर चालवून द्यायचा होता. साहेब म्हणाले, "त्यात काय, दोन्हीकडे प्रोग्रॅमची भाषा 'सी'च आहे." मेश्राम शांतपणे म्हणाले, "नागपूरला आणि पुण्यात मराठीच आहे, साहेब. तरी मला इथं दुकानात रोज बोलणी बसतात."

अडचण खरी होती. युनिक्सवर प्रोग्रॅम 'फोर्क' म्हणून विनंती करायचा, की त्याची आणखी एक प्रत तयार व्हायची. एक प्रत पावती छापत बसे, दुसरी पुढच्या गाडीचं वजन घेई. डॉसला ही विनंतीच ठाऊक नव्हती. मेश्रामांनी तिच्या जागी पडद्यावर उमटणारं, स्वतःपुरतं, तात्पुरतं एक वाक्य घालून ठेवलं. पुण्यातल्या पाट्या वाचून त्यांची भाषा एव्हाना तयार झाली होती. साहेबांना घाई, ते तीच फ्लॉपी आणि आम्हा दोघांना गाडीत घालून कारखान्यावर निघाले.

काट्यावर पहिली ट्रॉली चढली. चेअरमन, संचालक, सगळे पडद्याकडे बघत होते. पडद्यावर रोमन अक्षरांत उमटलं: एका वेळी एकच काम होईल. उगाच घाई करू नये.

साहेबांचा चेहरा उतरला. मेश्राम माझ्याकडे न बघता पुटपुटले, "बाई, आता नागपूरची गाडी किती वाजता असते?" तेवढ्यात काट्यावरचे कारकून जाधव म्हणाले, "बरोबर हाय की. मी रोज हेच सांगतो, कुणी ऐकतच न्हाई." चेअरमन हसले, मग संचालकही हसले.

बाहेर ट्रॅक्टर खोळंबले होते. मेश्रामांनी तिथंच बैठक मारून प्रोग्रॅम बदलला. पावतीची एक ओळ छापायची, काट्याकडे बघायचं, नवं वजन असेल तर ते टिपायचं, मग पुढची ओळ... प्रिंटर अडखळत छापू लागला, पण रांग हलली. नोकरी कायम झाली. जाधवांनी मात्र ते वाक्य काढू दिलं नाही.

परवा मेश्रामांच्या घरी नलिनीवहिनींना भेटायला गेले. प्राजक्ता आता हिंजवडीला नोकरी करते. बाबांच्या लॅपटॉपवर ती विम्याचे कागद शोधत होती. "मावशी, हे बघ. सगळ्या फाइलींची नावं अशी तोडलेली का?"

"डॉसमध्ये नाव आठ अक्षरांतच बसवावं लागायचं. पुढची अक्षरं ते गुपचूप कापून टाकायचं. मेश्रामांनी ती सवय सोडलीच नाही."

प्राजक्ताने स्वतःच्या नावाचा फोल्डर उघडला आणि बोटांवर इंग्रजी अक्षरं मोजली. बरोब्बर आठ.

"मला हिचं नाव प्रियदर्शिनी ठेवायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणाले, फार लांब होतं. आणि मी आजवर समजत होते, यांना फुलं आवडतात..."